जुन्या गाडीचं ऑइल गळतंय? आधी धुवा, मग शोधा, मग पाना उचला

माझ्या मारुती ८०० चा गिअरबॉक्स एकदा उगाच उतरवला गेला. गाडी १९९८ सालची, कार्ब्युरेटरवाली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून खाली थेंब पडायचे. मेकॅनिकने वाकून एक नजर टाकली, "मागचं सील गेलंय साहेब" म्हणाला, आणि गाडी दोन दिवस त्याच्याकडे राहिली. नवं सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतीची रबरी रिंग, बसलं, मजुरी दिली, आणि चौथ्या दिवशी पार्किंगच्या फरशीवर तोच डाग, त्याच जागी. गळत होतं ते टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग. तिथलं तेल हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, मागच्या अंगाने ओघळत, खालच्या ब्लॉकवरून उतरत, बरोबर गिअरबॉक्सच्या जोडावर येऊन टपकत होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि पॅकिंगची किंमत म्हणाल, तर मी दिलेल्या मजुरीच्या पासंगालाही पुरणारी नव्हती.

तेव्हापासून गळती शोधायचं काम मी स्वतः करतो. दुरुस्ती दरवेळी स्वतः करतो असं नाही. पण "कुठून गळतंय" हे सांगायचं काम दुसऱ्यावर सोपवत नाही. हा लेख त्या शोधाबद्दल जास्त आहे आणि पाना फिरवण्याबद्दल थोडा कमी. उदाहरण म्हणून ८०० च घेतली आहे. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी रस्त्यावर आली आणि २०१४ पर्यंत ती बनत राहिली, त्यामुळे गल्लीबोळात अजून दिसते. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, वर एकच कॅमशाफ्ट आणि तो फिरवणारा एक बेल्ट. यापेक्षा सोपं इंजिन शिकायला मिळणार नाही. तुमची गाडी दुसरी असली तरी शोधायची पद्धत हीच.

ते इंजिन ऑइलच आहे ना?

रात्री गाडीखाली पुठ्ठा घाला. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा मोठा असेल तर उत्तम. पुठ्ठ्यावर पुढच्या दोन चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवा, म्हणजे सकाळी डाग इंजिनच्या कुठल्या बाजूला पडला ते कळतं. मग थेंब बोटावर घ्या.

तपकिरी किंवा काळा, बुळबुळीत आणि जळकट वासाचा असेल तर इंजिन ऑइल. जाडसर, बोटाला चिकटणारा आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर ते गिअर ऑइल. हा फरक नीट ओळखायला शिका, कारण गिअरबॉक्स आणि इंजिन एकमेकांना चिकटून असतात आणि दोघांचे थेंब शेजारी शेजारी पडतात. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टची सीलं गेली की गिअर ऑइलच गळतं आणि शिव्या इंजिनला बसतात. हिरवट किंवा लालसर, पाण्यासारखं पातळ असेल तर कूलंट. फिकट, पातळ, तेलकट आणि चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर तो ब्रेक ऑइलचा थेंब. असं असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि गाडी जागेवरून हलवू नका. नुसतं स्वच्छ पाणी असेल आणि आदल्या रात्री एसी लावला होता, तर काहीच झालेलं नाही.

पुठ्ठा कोरडा, पण ऑइलची पातळी मात्र दर महिन्याला खाली? मग ऑइल बहुधा बाहेर गळत नाही, आत जळतंय. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का ते मागे उभं राहून कोणाला तरी बघायला सांगा. तो आजार वेगळा, त्याची औषधं वेगळी.

पट्टी बघा, वहीत लिहा

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा, पुसा, पुन्हा पूर्ण खाली घाला, काढा आणि वाचा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेपर्यंत हवंच असं नाही.

वरच्या खुणेच्याही वर असेल तर थांबा. कदाचित गळतीचं कारण तिथेच सापडलं. मागच्या सर्व्हिसिंगला कोणी "डबा आणलाच आहे तर सगळा ओतू" म्हणून जास्तीचं ओतलं असेल तर क्रँक, म्हणजे इंजिनच्या तळाशी फिरणारा दांडा, ते ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि सीलांवर नको तितका भार येतो. ८०० च्या इंजिनात तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं, आणि डबे सरसकट त्याच मापाचे मिळतात असं नाही. दुसरी शक्यता अशी की पातळी वर, ऑइल पातळ आणि पट्टीला पेट्रोलचा वास. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत पेट्रोल पंप हेडलाच बसवलेला असतो आणि त्याचा आतला पडदा फाटला तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरू शकतं. अशी गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

आता एक छोटी वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर आणि किती ऑइल टाकलं, एवढंच लिहायचं. "फार गळतं" आणि "थोडं गळतं" या बोलण्याला काही अर्थ नसतो. तेलाचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर धरा. रात्रीच्या आठ तासांत मिनिटाला एक थेंब पडला तर ४८० थेंब, म्हणजे सुमारे २४ मिलिलिटर. महिन्याला पाऊण लिटरच्या जवळ. तीन लिटरच्या इंजिनातून पाऊण लिटर जाणं ही थट्टा नाही. उलट, जोडाभोवती नुसता ओलसरपणा आणि त्यावर धूळ चिकटलेली, पण पुठ्ठ्यावर थेंब नाही, असं असेल तर पंचवीस वर्षांच्या इंजिनाला मी ते माफ करतो. पट्टी दर आठवड्याला बघतो आणि गप्प बसतो.

डॅशबोर्डवरच्या तेलाच्या दिव्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलला दाब आहे की नाही ते सांगतो. म्हणजे तो चालत्या गाडीत लागला तर उशीर झालेलाच असतो. तिथेच इंजिन बंद करायचं. "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" म्हणणाऱ्यांची इंजिनं मी लेथवाल्याकडे पडलेली पाहिली आहेत.

धुतल्याशिवाय काही कळत नाही

हीच पायरी सगळे गाळतात. वर्षानुवर्षांची धूळ आणि तेल मिळून इंजिनवर जो काळा थर बसतो, त्यात ताजा ओघळ दिसणं शक्य नाही. सगळंच ओलं, सगळंच काळं. अशा इंजिनकडे बघून जो निदान सांगतो तो अंदाज सांगतो.

इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना वीज वाटून देणारा भाग), अल्टरनेटर आणि एअर क्लीनरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाका, दोरीने किंवा रबरबँडने बांधा. खाली जुनी परात किंवा पुठ्ठे पसरा. रॉकेल मिळत असेल तर रॉकेल, नाहीतर डिझेल, आणि रंगकामाचा जुना ब्रश. वरून खाली घासत या. कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. पेट्रोलने धुवायला जाऊ नका. बंद पार्किंगमध्ये त्याची वाफ साठते आणि एका ठिणगीचं काम असतं. मग फडक्याने पुसा, पुन्हा एक हात मारा, पुन्हा पुसा. रबरी पट्टे आणि होजवर रॉकेल राहू देऊ नका, साबणाच्या पाण्याच्या फडक्याने ते पुसून घ्या. खालचं सगळं वाळू द्या.

वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याने धुऊन घेतलं तरी चालतं, पण डिस्ट्रिब्युटर भिजला की गाडी तिथेच रुसून बसते आणि मग धक्का मारायची वेळ येते. पावसाळ्यात तर हा सगळा शोध शक्यतो पुढे ढकला. ओल्या इंजिनवर तेल आणि पाणी यांचे ओघळ वेगळे काढता येत नाहीत.

इंजिन कोरडं झालं की ज्या जोडांवर संशय आहे तिथे अंगाला लावायची साधी टॅल्कम पावडर भुरभुरा. जुन्या मोज्यात पावडर भरून तो हलकेच आपटला की बारीक थर बसतो. तेल आलं की पांढऱ्यावर काळी रेघ लगेच उठून दिसते. एका उत्साही शेजाऱ्याने घरात पावडर नाही म्हणून रांगोळी वापरली होती. तसं करू नका. रांगोळी म्हणजे दगडाचा चुरा, ती पुलीत आणि सीलच्या ओठात गेली तर नवीन गळती तुम्हीच तयार कराल.

आता पिशव्या काढा, बॅटरीची तार परत जोडा आणि दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आणा. इंजिन नीट तापलं पाहिजे. परत आल्यावर टॉर्च घेऊन बघायला बसा. मोबाइलच्या दिव्यापेक्षा हातातला टॉर्च बरा, कारण मोबाइल इंजिनात पडतो.

सगळ्यात वरचा ओला ठिपका

तेल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून जिथे थेंब पडतो ती जागा दोषी नसतेच म्हणा ना. शोधायचं ते सगळ्यात वरचं आणि वाऱ्याच्या बाजूचं ओलं ठिकाण. मी या क्रमाने बघतो:

१. ऑइल भरायच्या टोपणाखाली. टोपणाचं रबर कडक होऊन चिरतं. यावर निदान झालं तर तुमच्याइतकं नशीबवान कोणी नाही.

२. टॅपेट कव्हरची कड, चारी बाजूंनी. मागची, आपल्याला न दिसणारी बाजू बघायला दाढीचा छोटा आरसा वापरा. इथलं तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडलं तर सिग्नलला उभं असताना जळका वास येतो, कधी बॉनेटच्या फटीतून धूरही. हा वास दुर्लक्ष करण्याचा नाही.

३. डिस्ट्रिब्युटर जिथे हेडच्या टोकाला शिरतो तो सांधा. आत एक रबरी रिंग असते, दहा-पंधरा वर्षांत ती बांगडीसारखी कडक होते. बदलायला सोपी, पण डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याच्या अंगावर आणि हेडवर एका रेषेत खूण करा आणि आतला रोटर कुठे तोंड करून आहे त्याचा फोटो काढा. नाहीतर टायमिंग, म्हणजे प्लगला ठिणगी पडायची वेळ, हलेल आणि गळती थांबली तरी गाडी चालणार नाही.

४. पेट्रोल पंपाच्या मागचं पॅकिंग.

५. ऑइल प्रेशरचा स्विच, ज्याला एकच वायर येते तो. हा छोटासा भाग आटे आणि पत्रा यांच्यामधून पाझरतो. वायर ओढून काढा, तिच्या टोकावर तेल असेल तर स्विच आतूनच फुटलाय. स्विच बदलताना जोर लावू नका, त्याचे आटे निमुळते असतात आणि अतिजोराने ब्लॉकला चीर जाऊ शकते.

६. ऑइल फिल्टर.

७. बेल्टच्या बाजूला कॅमशाफ्टचं आणि क्रँकचं पुढचं सील. इथली ओळख सोपी आहे. फिरणारी पुली तेल गोल भिरकावते, त्यामुळे पुलीच्या समोर आणि आजूबाजूच्या पत्र्यावर शिंतोड्यांची एक पट्टीच उमटलेली असते.

८. चेंबरची, म्हणजे तळाशी ऑइल साठवणाऱ्या परातीची, कड आणि ऑइल काढायचा खालचा ड्रेन बोल्ट.

९. आणि हे सगळं कोरडं असेल, तरच इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडाखालचं, म्हणजे क्रँकचं मागचं सील. क्लच घसरत असेल, चढावर इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नसेल, तर संशय पक्का होत जातो, कारण तेल क्लच प्लेटवर पोचलेलं असतं.

आणखी एक परीक्षा आहे, फार उपयोगी. गळती उभ्या गाडीतही चालू राहते की फक्त इंजिन चालू असताना होते? उभ्या गाडीत ऑइल सगळं खाली चेंबरमध्ये जमलेलं असतं. रात्रभर थेंब पडत राहिला तर चेंबर, ड्रेन बोल्ट, खालची सीलं बघा. इंजिन चालू असतानाच पटापट थेंब पडतात आणि बंद केल्यावर लवकरच थांबतात, तर दाबाच्या बाजूचं काही आहे: स्विच, फिल्टर. दुसऱ्या माणसाला गाडीत बसवून इंजिन चालू ठेवा आणि तुम्ही बघा. बाह्या दुमडा, ओढणी-गमछा काढून ठेवा, फिरत्या बेल्टजवळ हात नको.

आतला दाब

पॅकिंग बदललं, तीन महिन्यांत पुन्हा गळायला लागलं. दुसरं बदललं, आता दुसरीकडून गळतं. असं होत असेल तर दोष पॅकिंगचा नाही. इंजिनच्या पोटात वारा कोंडलाय.

पिस्टनच्या रिंगांच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली क्रँकच्या खोलीत उतरतो. त्याला बाहेर पडायला टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे एक ब्रीदरचा पाइप दिलेला असतो. हा पाइप काळ्या चिखलाने तुंबला की वायू वाट शोधतो, आणि सगळ्यात कमजोर सील हीच त्याची वाट. म्हणून पॅकिंगवर एक रुपया खर्च करण्याआधी तो पाइप काढून फुंकर मारून बघा. तुंबला असेल तर रॉकेलने धुवा. चिरला असेल तर नवा घाला, पण ऑइलला टिकणारा, बागेतल्या नळीचा तुकडा नव्हे.

पाइप साफ असूनही शंका असेल तर इंजिन मंद चालू ठेवून ऑइलचं टोपण काढा आणि भोकावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी सपाट धरा. थोडी थरथरली तर ठीक. पुरीसारखी टम्म फुगली आणि भोकातून भसाभस वाफ येऊ लागली तर रिंगा झिजल्यात. एअर क्लीनरचा कागदी फिल्टर तेलाने भिजलेला असेल तर तीही त्याचीच साक्ष. अशा इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या आणि मग ठरवा. तिथे नवीन पॅकिंग म्हणजे फुटक्या मडक्याला लिंपण.

टोपणाच्या आत पांढरट फेस दिसला की लोक "हेडचं पॅकिंग गेलं" म्हणून घाबरतात. रोज दोन किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीत, विशेषतः थंडीत, इंजिन पुरतं तापत नाही आणि आतल्या ओलाव्याचा तसा फेस होतो. कूलंट कमी होत नसेल आणि पट्टीवरचं ऑइल स्वच्छ असेल, तर एकदा पुणे-सातारा करून या, फेस जाईल. कूलंटही कमी होत असेल आणि पट्टीवरचं ऑइलही चहासारखं दुधाळ असेल तर मात्र लोकांचं बरोबर आहे.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग, घरच्या घरी

नवख्या माणसाने पहिलं काम म्हणून हेच घ्यावं. रविवारची सकाळ पुरते.

सामान आधी आणा, गाडी नंतर उघडा. पॅकिंग, आणि त्याच्याबरोबर कव्हरच्या बोल्टखाली येणारे रबरी वॉशर. हे वॉशर विसरतातच. जुने दबलेले वॉशर ठेवले तर बोल्ट आवळूनही कव्हर नीट दाबलं जात नाही, शिवाय बोल्टच्या भोकातूनही तेल येतं. पुण्यात असाल तर नाना पेठेत ही वस्तू सहज मिळते. गाडीचं साल आणि कार्ब्युरेटर की एमपीएफआय (इंजेक्शनवाली) हे सांगा, शक्य असेल तर जुन्या पॅकिंगचा फोटो दाखवा. कंपनीचं पॅकिंग आणि स्वस्तातलं यांत जो फरक पडतो तो वाचवण्यासारखा नाही.

इंजिन थंड. एअर क्लीनर काढा, ब्रीदर पाइप काढा, आड येणाऱ्या वायरी बाजूला करा. प्लगच्या वायरी काढाव्या लागल्याच तर प्रत्येकीला कागदी टेप लावून नंबर घाला. कव्हरचे बोल्ट थोडे थोडे करून, आळीपाळीने सैल करा. बोल्ट निघाले तरी कव्हर चिकटून बसेल. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, एक ओरखडा पडला की ती कायमची वाट. तळहाताने किंवा लाकडाच्या ठोकळ्याने बाजूने टपटप मारा, सुटेल.

आता आत बघा. कॅमशाफ्टवर मधासारखा तपकिरी थर असेल तर ठीक. काळा, डांबरासारखा गाळ असेल तर मागच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललेलं नाही. जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडण्याआधी तेल खाली उतरायच्या भोकांवर स्वच्छ फडकी ठेवा, आणि किती ठेवली ते मोजा. मोजा म्हणजे खरंच मोजा. खरवडायला जुनं एटीएम कार्ड छान काम करतं. मग दोन्ही कडा फडक्याने पुसून अगदी कोरड्या करा. तेलकट कडेवर कुठलंच पॅकिंग धरत नाही.

कव्हर उलटं करून काचेच्या तुकड्यावर ठेवा. एखादा कोपरा डुगडुगत असेल, काचेखाली फट दिसत असेल, तर आधीच्या कोणीतरी ते पिळून आवळलंय. पत्र्याचं असेल तर लाकडी ठोकळ्यावर हलक्या हाताने सपाट करता येतं. फट जास्त असेल तर दुसरं कव्हर शोधा.

सिलिकॉनबद्दल. आपल्याकडे सिलिकॉनची ट्यूब म्हणजे रामबाण, पिळा आणि लावा असा प्रकार आहे. रबरी पॅकिंगला ती सगळीकडे लावायची गरज नसते. जिथे दोन भागांचा सांधा किंवा खाचेचा कोपरा येतो, तिथे गव्हाच्या दाण्याएवढा ठिपका पुरे. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला शेवयांसारखं बाहेर येतं, सुटतं, खाली चेंबरमध्ये जातं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतं. गळती थांबली आणि इंजिन जाम झालं, अशी गत.

फडकी काढा, मोजा, पॅकिंग कव्हरच्या खाचेत नीट बसवा आणि कव्हर सरळ खाली ठेवा. बोल्ट आधी सगळे हाताने लावा. मग आखूड पाना घेऊन, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. जोर किती? मनगटाचा नाही, बोटांचा. टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, असेल तर गाडीच्या पुस्तकातला आकडा बघा, तो तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूपच कमी असतो. जास्त आवळलं की जास्त बंद होईल ही समजूत रॉकेलच्या डब्याच्या झाकणाची आहे, इथे पॅकिंग चिरडतं आणि दोन बोल्टांच्या मधला पत्रा फुगून वर येतो. सिलिकॉन वापरलं असेल तर ट्यूबवर दिलेला वेळ जाऊ द्या, मग इंजिन सुरू करा.

खालच्या बाजूची कामं

गाडीखाली जायचं तर जॅक फक्त उचलण्यासाठी. उचलल्यावर लोखंडी स्टँड, ज्याला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात, ती ठरलेल्या जागी लावा, मागच्या चाकांना दगड लावा, गाडी ढकलून बघा, आणि मगच आडवे व्हा. विटांच्या थप्पीवर गाडी ठेवणाऱ्याच्या हातचा चहासुद्धा पिऊ नये.

फिल्टर गळत असेल तर आधी बघा की जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली होती का. दोन रिंगा एकावर एक बसल्या की नवा फिल्टर धो धो गळतो. जागा पुसा, नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा, हाताने फिरवत टेकेपर्यंत न्या, तिथून पाऊण वेढा. बस.

ड्रेन बोल्टचं वॉशर दर ऑइल बदलाला नवं घाला. बोल्ट फिरतच राहत असेल, घट्ट होत नसेल, तर आटे गेलेत. टेफ्लॉनची टेप गुंडाळून दिवस काढू नका, तो बोल्ट हमरस्त्यावरच पडणार. लेथवाला आटे नव्याने पाडून देतो.

चेंबरचं पॅकिंग बदलायचं तर ऑइल काढून चेंबर उतरवावं लागतं. काम अवघड नाही, चिकट आहे. स्पीड ब्रेकरला घासून चेंबरला पोचा आलाय का, बोल्टच्या भोकांभोवतीचा पत्रा आत दबलाय का, ते बघा आणि ठोकून सपाट केल्याशिवाय नवं पॅकिंग लावू नका. आणि चेंबर उतरलंच आहे तर आतली जाळी धुऊन घ्या.

इथे मेकॅनिक हवा

पुढची सीलं बदलायला टायमिंग बेल्ट काढावा लागतो आणि मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पहिल्याच गाडीवर हे शिकू नका. पण मेकॅनिककडे जाताना "कुठूनतरी गळतंय, बघा" म्हणून जाऊ नका. धुतलेलं इंजिन, पावडरवरची रेघ, त्याचा फोटो आणि वही घेऊन जा. बोलणं वेगळंच होतं.

पुढचं सील बदलत असाल तर कॅम आणि क्रँक, दोन्ही सीलं एकदमच बदला आणि बेल्टही नवा घाला. तेल लागलेला बेल्ट पुसून परत लावला तर रबर आतून कुजत राहतं. गिअरबॉक्स खाली असेल तर क्लच प्लेट बघून घ्या. ती निम्मी झिजली असेल तर बदलाच, मजुरी एकदाच लागते. सील काढल्यावर शाफ्टवर नख फिरवून बघायला सांगा. जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडली असेल तर नवं सील त्याच खाचेत बसून पुन्हा गळेल. अनुभवी मिस्त्री नवं सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवतात, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो. आणि काढलेले जुने भाग परत मागा. संशय म्हणून नाही, बघून शिकायला मिळतं म्हणून. थोडा संशय म्हणूनही.

गळती थांबवणारी बाटली, जी ऑइलमध्ये ओतायची असते, तिच्याबद्दल हमखास विचारलं जातं. ती रबर फुगवते. कडक झालेल्या सीलचा किरकोळ पाझर त्याने काही महिने कमी होऊ शकतो. फाटलेलं सील, दबलेलं पॅकिंग, गेलेले आटे यांवर तिचा काही उपयोग नाही. गाडी विकणारे ती हौसेने वापरतात, एवढं लक्षात ठेवून जुनी गाडी घ्यायला जा. तसंच जाड ऑइल टाकून गळती लपवणंही. पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल टाका. कार्ब्युरेटरवाल्या ८०० त वर्षानुवर्षं २० डब्ल्यू ४० चालत आलंय आणि ते बरं चालतं.

दुरुस्तीनंतर पुन्हा पुठ्ठा. पहिल्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने. पहिल्या दिवशी एखादा थेंब पडला तर घाबरू नका, खोबणीत राहिलेलं जुनं तेल उतरत असतं. टॅपेट कव्हरचे बोल्ट दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर थंड इंजिनवर एकदा हाताने तपासा, सैल लागला तरच किंचित फिरवा.

काढलेलं काळं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरून झाकण लावा. गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका, आणि गावाकडे करतात तसं दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून फासूही नका. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं, आणि रोज कातडीला लागत राहिलं तर ते बरं नव्हे, म्हणून काम करताना हातमोजे. गॅरेजवाले असं ऑइल पिंपात साठवतात आणि पुनर्प्रक्रियेला देतात. तुमचा कॅन तिथे नेऊन द्या. रॉकेलने धुतलेलं काळं पाणीही त्याच कॅनमधून न्या, पण ऑइलमध्ये मिसळू नका, दुसरा कॅन घ्या.